उंबराच्या पाण्याचं कॅलिप्सो

खालची पाखाडी, अंधेरी (पूर्व)
८ डिसेंबर १९७४

नलिनी,

टायपिंगच्या क्लासात शेजारच्या यंत्रावर बसून तू माझ्या चुका मोठ्यानं मोजायचीस. आता तू मुलुंडला नोकरीला लागलीस आणि माझ्या चुका मोजणारं कुणी उरलं नाही, म्हणून हे पत्र दोनदा लिहून काढलं आहे. तरी एखादी सापडली तर कळव.

युस्टेस बोटीवरून परत आला. बोट दुरुस्तीसाठी चार महिने त्रिनिदादला अडकली होती, मग काही दिवस जमैकाला. येताना माझ्या या भावानं साड्या नाहीत की सेंट नाही, रेकॉर्डी आणल्या. तो सांगतो, तिकडे गावातली भानगड वर्तमानपत्रात छापून येण्याआधी गाण्यात येते. त्या गाण्याला कॅलिप्सो म्हणतात. जमैकातलं ते रेगे. ते संथ चालतं आणि त्यात गिटार ठोक्यावर वाजत नाही, दोन ठोक्यांच्या मधे वाजते. अर्बनकाकांचा लग्नाचा ब्रास बँड तू ऐकला आहेस. युस्टेसनं तोच हाताशी धरला. तेलाचं पिंप कापून, तापवून, ठोकून त्यानं एक वाद्य केलं आहे, आणि त्यातून खरंच सूर निघतात. पहिल्या दिवशी काका ट्रंपेट खाली ठेवून म्हणाले, "काय रे हे? सगळ्या बँडला एकदम उचकी लागल्यासारखी वाटते." आता जेवतानासुद्धा त्यांची बोटं त्याच उचकीत ताटावर चालतात.

दोन फेब्रुवारीला माझ्या बहिणीचं, एथेलचं, लग्न आहे. आम्हा पाखाडीतल्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी बँड वाजवत विहिरीवर जातात आणि नवरीच्या न्हाणासाठी पाणी आणतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. पण दिवाळीपासून विहिरीच्या जाळीला कुलूप आहे. गावातल्या घरांत नळ आहेत, त्यामुळे कुणाचं अडलं नाही. मागच्या टेकाडावर दुष्काळात जालन्याकडून आलेल्या लोकांची वस्ती आहे, त्यांचं पाणी तुटलं. कुलूप कुणी लावलं असं विचारलं तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

मिरवणूक विहिरीपाशी आली की याच गोष्टीचं गाणं वाजवायचं, असं युस्टेसनं ठरवलं आहे. शब्द मी लिहायचे. कॅलिप्सोचा एक नियम आहे: ज्याची चूक त्याचं नाव गाण्यात आलंच पाहिजे, आणि तो माणूस समोर उभा पाहिजे. "नाव नसेल तर ते कॅलिप्सो नाही, म्युनिसिपालिटीला अर्ज," असं तो म्हणतो. मला याची फार भीती वाटते. खात्री झाल्याशिवाय मी कुणाचं नाव लिहिणार नाही. एवढं जमलं आहे:

विहिरीला लागलं कुलूप, नवल काय हे झालं,
पाणी बसलं आतमध्ये, गाव बाहेर आलं!
सांगा, आमच्या विहिरीची किल्ली कुणाकडं?

तुझ्या बाबांना दाखवशील? त्यांना हसू आलं तरी मला सांग.

मॉनिका

---

मुलुंड
१३ डिसेंबर १९७४

मॉनिका, जयभीम.

चुका शून्य. बोअर झाले.

बाबा हसले नाहीत गं. उलट आजचा अख्खा रविवार आमचा गेला. तुला ठाऊक आहे, बाबा, म्हणजे कुंडलिक फिटर, सहा दिवस कारखान्याचे आणि सातव्या दिवशी जलशाचे. वस्तीवस्तीत जाऊन ढोलकीवर हक्काची गाणी म्हणायची. तुझं कडवं त्यांनी चार चालींत म्हणून बघितलं आणि म्हणाले, "ही तर आपलीच गाणी. बोटीनं लांबून आली, एवढंच." ती मधल्या ठोक्याची गोष्ट सांगितल्यावर तर उठून उभेच राहिले. "मग ती मोकळी जागा ढोलकीसाठीच सोडलेली आहे की! त्या पोराला सांग, मी येतो."

आता माझं ऐक. "आमच्या विहिरीची" म्हणजे कुणाच्या? गाणार तू, समोर टेकाडावरच्या बाया हंडे घेऊन उभ्या, आणि तू त्यांना तोंडावर सांगणार की विहीर आमची. म्हणजे कुलूप राहिलंच ना! आधी लोखंडाचं होतं, आता व्याकरणाचं. "आपल्या" लिही.

आणि किल्ली कुणाकडं ते शोध. क्लासात माझं खोडरबर कुणी उचललं ते तीन दिवसांनी पुराव्यासकट शोधून काढणारी तू. एवढ्याशा गावात एक किल्ली सापडत नाही?

नलिनी

ता.क. आज शुक्रवार आहे आणि मी वर "आजचा रविवार" लिहिलं. सापडली ना चूक? आता खूश हो.

---

खालची पाखाडी
२१ डिसेंबर १९७४

नलिनी,

चूक सापडली, पण खूश झाले नाही.

"आमच्या" का लिहिलं ते सांगते. लहानपणी मी तीन वर्षं आजारी होते, त्यामुळे मला घरीच शिकवलं, ज्युलियाआत्यानं. आई गेल्यावर तिनंच आम्हा तिघांना वाढवलं, हे तुला माहीत आहे. माझं पहिलं पुस्तक प्रार्थनेचं होतं. त्यात देवाला आपण "आमच्या" म्हणूनच हाक मारतो. तो शब्द मला नेहमी नम्र वाटायचा. त्यात कुणी वगळलं जातं हे तुझं पत्र येईपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. परवा ऑफिसात फायली लावताना एकदम उमगलं. प्रार्थनेत तो शब्द बरोबर आहे, कारण देव त्या "आमच्या"त नाही. तो ऐकणारा आहे. पण विहिरीवर ऐकणारी माणसं आहेत. "आपल्या" केलं आहे.

नावाचं म्हणशील तर, नाव न घेता चालणार नाही का? नाव घेऊन काय मिळतं? गाण्यात तेवढी जागा मोकळी ठेवली तर अर्बनकाका तिथे ट्रंपेट वाजवू शकतील. ते ऐकायलाही चांगलं वाटेल.

नाताळच्या करंज्यांचं काम पडलं आहे, म्हणून एवढंच.

मॉनिका

---

मुलुंड
२७ डिसेंबर १९७४

मॉनिका,

ट्रंपेट!

तुला एक सांगितलं नव्हतं, आता सांगते. तुमच्या टेकाडावर सुंदराबाई म्हणून एक बाई राहते. ती माझी सख्खी मावशी. दिवाळीपासून ती पहाटे हायवे ओलांडून पलीकडच्या नळावर जाते. दोन हंडे डोक्यावर, एक कमरेवर. तिचं वय बावन्न. गेल्या महिन्यात ट्रक अंगावर आला म्हणून ती हंडे टाकून पळाली, तर तिला जिवाचं नाही, हंड्याला पोचा आला त्याचं दुःख.

तिच्यासमोर तू ट्रंपेट वाजवणार?

तुला नाव माहीत नसतं तर तू लिहिलं असतंस की अजून शोधते आहे. तू ते लिहिलं नाहीस. मी तुला ओळखते गं.

नलिनी

---

खालची पाखाडी
२ जानेवारी १९७५

नलिनी,

तू बरोबर ओळखलंस. हे पत्र मी चार वेळा फाडलं.

किल्ली आमच्या घरात आहे. नाताळच्या आधीच्या आठवड्यात आत्यानं मला तिच्या जपमाळेच्या पेटीतून सुई आणायला सांगितली. माळेखाली किल्ली होती, नवीन, पितळेची. मी ती हातात धरून बाहेर आले. आत्यानं बघितलं आणि म्हणाली, "सुई मागितली होती."

मग तिनं सगळं सांगितलं, लपवलं नाही. दुष्काळाच्या वर्षी विहीर तळाला गेली होती. तेव्हा शेजारच्या एका नवरीचं उंबराचं पाणी नळाच्या बादलीतून आणलं आणि लोक अजून त्यावरून हसतात. वस्तीचे हंडे लागले तर यंदाही तसंच होईल, या भीतीनं तिनं कुलूप लावलं. आत्या म्हणाली, "एथेलला आई नाही. तिच्या लग्नात काही उणं पडलं तर लोक म्हणतील, आई असती तर. ते मी ऐकून घेणार नाही. लग्न झालं की बघू." मी विचारलं, वरच्या बायांचं काय? ती म्हणाली, "त्यांना मी ओळखत नाही. एथेलला ओळखते."

मला राग आला आणि रडूही आलं. जिनं मला अक्षरं शिकवली, तिचं नाव त्याच अक्षरांत लिहून गावासमोर वाचायचं? आणि नाही लिहिलं तर सुंदराबाईंसमोर उभी राहून मी मोठ्यानं विचारणार की किल्ली कुणाकडं, ते माहीत असून. ते खोटंच होईल. एकीला गमावायचं किंवा दुसरीशी खोटं बोलायचं, याशिवाय तिसरं काही मला दिसत नाही. युस्टेसला सांगितलं तर तो म्हणाला, "नियम मी केलेला नाही गं."

तुझ्या मावशीबद्दल आधी सांगितलं असतंस तर? नाही, ते राहू दे. मीच आधी लपवलं.

मॉनिका

---

मुलुंड
८ जानेवारी १९७५

मॉनिका, जयभीम.

आता माझं ऐक, आणि रागावू नकोस. मला माहीत होतं. मावशी नोव्हेंबरात आमच्याकडे आली होती तेव्हाच म्हणाली, "चष्मा लावणारी, पाठीत ताठ बाई आहे, रोज संध्याकाळी येऊन कुलूप ओढून बघती." ज्युलियाआत्या सोडून ताठ कोण चालतं तुमच्या गावात? तू सांगतेस का, हे मी बघत होते. चांगलं केलं नाही. बाबांनी मला त्यावरून झापलं. "मैत्रिणीची परीक्षा घेतेस? तू काय इन्स्पेक्टर आहेस?"

तर बाबांचं म्हणणं. जलशात ते वीस वर्षं सावकार, मुकादम, पुढारी सगळ्यांवर गाणी म्हणत आले. त्यांचा आपला एक रिवाज आहे: ज्याच्यावर गाणं, त्याला ते आधी त्याच्या घरी जाऊन म्हणून दाखवायचं. मग स्टेजवर. त्यानं मारलं तर मार खायचा, चहा दिला तर चहा प्यायचा. "आधी न सांगता म्हटलं तर ती चहाडी. सांगून म्हटलं तर ते गाणं," म्हणतात.

त्यांनी दोन्ही खाल्लंय. चहा जास्त वेळा.

तर जा, आत्याला म्हणून दाखव.

नलिनी

---

खालची पाखाडी
१९ जानेवारी १९७५

नलिनी,

म्हणून दाखवलं.

आज चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर आत्या कोंबड्यांना दाणे टाकत होती. मी मागच्या पायरीवर उभी राहून म्हटलं, तुझ्यावर गाणं केलं आहे. ती म्हणाली, "मग पुटपुटू नकोस, मोठ्यानं म्हण." मी तिन्ही कडवी म्हटली. तिसरं असं होतं:

शोधून शोधून दमले, शेवटी घरीच लागला माग,
आत्याच्या पेटीत किल्ली, आता कुणावर काढू राग?

आत्यानं हात झटकले, आत गेली. मला वाटलं, संपलं. ती चष्मा आणि लाल पेन्सिल घेऊन परत आली. कागद मागितला. सगळ्यात आधी तिनं "आपल्या" खाली रेघ मारली आणि म्हणाली, "आमच्या लिही. असं शिकवलं होतं का?" मी तिला देवाचं सांगितलं, जसं तुला लिहिलं होतं तसंच. तिनं रेघ खोडली नाही, पण बदलही केला नाही.

मग तिसऱ्या कडव्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे चूक आहे." मी कागद परत घ्यायला हात पुढे केला. म्हणाली, "'आत्या' कशाला? आत्या म्हटलंस तर लोकांना वाटेल घरातलं भांडण चव्हाट्यावर आणलं. गावातल्या अर्ध्या पोरांना मी वाचायला शिकवलं, गाव मला बाई म्हणतं. नाव घ्यायचं तर ज्या नावानं गाव ओळखतं ते घ्यावं." आणि तिनं स्वतःच्या हातानं "आत्याच्या" खोडून "बाईंच्या" लिहिलं.

मी विचारलं, मग म्हणू का? ती म्हणाली, "ते तू ठरव. शुद्धलेखन माझं काम, ते झालं." किल्लीबद्दल चकार शब्द नाही. त्या दिवशी ती कुलूप उघडेल आणि एथेलपुरतं पाणी काढून परत लावेल, असं मला वाटतं. तरी आज जेवताना तिनं माझ्या ताटात तांदळाचा तिसरा पोळा आपणहून टाकला. त्याचा अर्थ मी लावत बसलेय.

मॉनिका

---

मुलुंड, २८ जानेवारी (पोस्टकार्ड)

मॉनिका, वाट लागली. अंगभर फोड. शेजारची वनमाला म्हणते देवी आल्या, ओटी भरा. बाबा म्हणतात देवीबिवी कुणी नाही, कांजिण्या आहेत, ताक पी. म्हणजे मी शनिवारी येत नाही. बाबा ढोलकी घेऊन येतील. सगळं लिही. तुझ्या त्या सवयीप्रमाणे काही गाळू नकोस, चांगलं नसलं तरी. न.

---

खालची पाखाडी
४ फेब्रुवारी १९७५

नलिनी,

काही गाळत नाही.

शनिवारी पाच वाजता मिरवणूक घरातून निघाली. पुढे आत्या, हातात तांब्याची कळशी. मागे लुगडी नेसलेल्या बायका. बँड मधे. युस्टेसनं पिंप काकांच्या जुन्या पट्ट्यानं गळ्यात अडकवलं होतं. तुझे बाबा पांढरा सदरा घालून आले होते. रस्त्यात नेहमीची लग्नाची गाणी वाजली, पण उचकीवर. पहिल्या वळणापर्यंत लोक गोंधळले, नाचणाऱ्यांचे पाय पडेनात. मग तुझ्या बाबांनी त्या मोकळ्या जागेत ढोलकी घातली आणि पायांना काय समजलं देव जाणे, सगळी पाखाडी डुलायला लागली. काका ट्रंपेट काढून ओरडले, "अरे, हा माणूस इतकी वर्षं कुठे होता?" तुझे बाबा म्हणाले, "मुलुंडला!"

विहिरीच्या कठड्यापलीकडे टेकाडावरच्या पंधरा-वीस बाया उभ्या होत्या. तुझ्या मावशीला मी पोचा आलेल्या हंड्यावरून ओळखलं.

युस्टेसनं पहिलं कडवं म्हटलं. "पाणी बसलं आतमध्ये, गाव बाहेर आलं" यावर दोन्हीकडून हसू आलं, आधी पलीकडून. "सांगा, आपल्या विहिरीची किल्ली कुणाकडं?" लोकांना वाटलं, खेळ आहे. एक म्हणाला, "पोस्टमनकडं!" दुसरा म्हणाला, "फादरकडं!" एथेलचा होणारा दीर म्हणाला, "नवऱ्याकडं, म्हणून तर लग्न करतोय!" दुसरं कडवं माझं आवडतं आहे, तुला पाठवलं नव्हतं:

झरा काही विचारत नाही कुणाची कुठली वाट,
ज्यानं सोडली कळशी त्याची भरतो काठोकाठ.

ते पलीकडच्या बायांनी उचललं. तिसऱ्या वेळेस तर बँडपेक्षा त्यांचाच आवाज मोठा होता.

तिसरं कडवं म्हणायला युस्टेसनं नकार दिला होता. "नाव तू घातलंस, तूच घे." तो नुसता हळू वाजवत राहिला. मी पुढे झाले. पहिली ओळ म्हटली. दुसऱ्या ओळीला माझा आवाज इतका बारीक झाला की ढोलकी आपोआप थांबली, आणि त्यामुळे "बाईंच्या पेटीत किल्ली" हे सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं.

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. मी बघू शकले नाही. आणि मग आत्याचा आवाज आला, शाळेतल्यासारखा:

"हजर!"

मी वर पाहिलं तर तिनं हात उंच केला होता. मग असा हशा फुटला, नलिनी, की झाडावरचे कावळे उडाले. तिच्याकडे शिकलेले मोठमोठे बाप्ये ओरडायला लागले, "बाई हजर! बाई हजर!" काकांना ट्रंपेट फुंकता येईना. आत्या हसली नाही. तिनं कमरेची किल्ली काढली. कुलूप लोंबत हलत होतं, त्यामुळे किल्ली भोकात जाईना. तेव्हा सुंदराबाई कठड्याला वळसा घालून आल्या आणि त्यांनी कुलूप घट्ट धरून ठेवलं. उघडलं.

एथेलची कळशी भरली. मग आत्यानं दोर सुंदराबाईंच्या हातात दिला आणि दटावलं, "फार वाकू नका, कठडा निसरडा आहे." सुंदराबाई म्हणाल्या, "बाई, तुम्ही पाणी काढायला शिकवू नका. ते सोडून काय बी शिकवा."

त्यानंतर आत्यानं विचारलं, "उन्हाळ्यात आटली तर?" सुंदराबाईंनी आत डोकावून विचारलं, "गाळ कधी काढला होता?" गावातले लोक एकमेकांनाच विचारायला लागले. त्या म्हणाल्या, "मंग आटंल नाय तर काय हुईल."

न गाळता लिहायचं तर हेही लिहिते: गावातली दोन घरं दुसऱ्या दिवशी जेवायला आली नाहीत. लग्नात गावाची शोभा झाली असं त्यांचं म्हणणं आहे. मला त्याचं वाईट वाटतं आणि मी त्यांच्याकडे जाणार आहे. पण कुलूप आत्यानं परत लावलं नाही. रात्री मी तिला विचारलं, रागावलीस का? म्हणाली, "शेवटच्या ओळीत आवाज का पडला? पाठ नव्हती का?"

ताक पी. ओटी भरली असती तरी वनमालाबाईंना बरं वाटलं असतं.

मॉनिका

---

खालची पाखाडी
२२ एप्रिल १९७५

नलिनी,

रविवारी गाळ काढताना तू दुपारीच निघालीस, आणि खरी गंमत नंतर झाली. तुझ्या अंगावर चिखल किती उडाला होता ते आत्या अजून सांगते. तिच्या मते कांजिण्यांचे डाग त्यात झाकले गेले.

चारच्या सुमाराला तळ लागला. वस्तीतले बारा आणि गावातले नऊ जण उतरले होते (नऊच, मी मोजले). गाळाबरोबर भांडी वर यायला लागली. वर्षानुवर्षं हातून निसटलेले तांबे, कळश्या, एक पळी, कुणाचा तरी अडकित्ता. सगळं कठड्यावर ओळीनं मांडलं. मग जी तारांबळ उडाली! "ही आमच्या आईची." "कशावरून? ही माझ्या डोळ्यांदेखत पडलेली." एका जाड पितळी कळशीवर आत्याचा आणि सुंदराबाईंचा एकदम हात पडला. आत्या म्हणाली, ही तिच्या माहेरची, म्हणजे आमच्याच घरची. सुंदराबाई म्हणाल्या, दोन वर्षांमागं हीच त्यांच्या हातून सुटली होती. दोघी सोडायला तयार नाहीत. काका बँड सोडून पंच व्हायला आले, तर दोघींनी मिळून त्यांना हाकललं.

शेवटी आत्या म्हणाली, नाव कोरलेलं असेल, ते बघू. सुंदराबाईंनी कळशी चिंचेनं घासली, आत्यानं चष्मा लावला. गळ्याखाली अक्षरं निघाली. आत्या एक एक अक्षर जुळवत वाचायला लागली, आणि तुझी मावशी तिच्या खांद्यावरून तोंड हलवत तिच्यामागे म्हणत होती. सो. नू. बा. ई.

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. आमच्या गावात सोनूबाई कुणी झाल्याचं आत्याला आठवत नाही, आणि तिला चार पिढ्या आठवतात. वस्तीत एक सोनूबाई आहे, पण ती सहा महिन्यांची आहे. म्हणजे आमच्याही आधी, तुमच्याही आधी कुणी बाई इथे आली, वाकली, आणि तिच्या हातून दोर सुटला. त्या संध्याकाळी ती घरी जाऊन काय म्हणाली असेल, याचाच मी विचार करते आहे. एवढी जाड कळशी होती, ओरडा बसला असेल.

कळशीला बुडाशी भोक होतं. काकांनी ट्रंपेट डागतात त्याच कथलानं ते बुजवलं. आता ती विहिरीवरच असते. आज सकाळी बघितलं, तर एका बाजूनं थेंब थेंब गळत होती आणि खाली एक चिमणी पाणी पीत होती.

मॉनिका